खतापासून भागापर्यंत

१

देहूस इंद्रायणीच्या डोहाकांठीं उभें राहिलें म्हणजे बहुतेकांस तुकोबांच्या वह्यांची आठवण होते. परंतु त्या वह्यांच्या आधीं याच पाण्यांत आणखीही कांहीं कागद गेले होते, असें परंपरा सांगते. दुष्काळानें घर धुऊन नेल्यावर तुकोबांनीं वडिलोपार्जित सावकारीचीं खतें बाहेर काढलीं; धाकट्या भावाच्या वांट्याचीं अर्धीं त्याच्या हवालीं केलीं आणि आपल्या वांट्याचीं अर्धीं इंद्रायणींत सोडून दिलीं. वह्या तरल्या, खतें तरलीं नाहींत, आणि तीं तरावींत असें कोणास वाटलेंही नाहीं.

त्यानंतर सुमारें अडीच शतकांनीं याच पुणें जिल्ह्यांत पुन्हां एकदां खतांचा नाश झाला. पण तो निराळ्या हातांनीं. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजारास जमलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांचीं दुकानें व घरें गांठलीं, वह्या व कर्जरोखे बाहेर ओढले आणि त्यांची होळी केली. तेथून तें लोण पुणें व नगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरलें. सरकारी दप्तरानें त्यास 'दख्खनचे दंगे' असें नांव दिलें. देहूस देणाऱ्यानें खत सोडलें. सुप्यास घेणाऱ्यानें तें जाळलें. दोहोंत नीतीचें अंतर मोठें आहे, परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीनें एक साम्यही आहे. दोन्ही ठिकाणीं कागद गेला आणि गरज राहिली. पुढच्या मृगास बीं-बियाणें लागणारच होतें, आणि त्यासाठीं ज्याचें दार ठोठवावें असें घर गांवांत बहुधा एकच होतें.

खत सोडून देणें हा संताचा मार्ग, जाळून टाकणें हा संतापाचा. तिसरा मार्ग असा कीं, ज्याचें नांव आजवर कर्जदार म्हणून कागदावर चढलें त्याचें नांव दुसऱ्या एका कागदावर मालक म्हणून चढावें. त्या दुसऱ्या कागदास आपण 'भाग' म्हणतों. गेल्या दीडशें वर्षांत खतापासून भागापर्यंतची ही वाट महाराष्ट्रानें कशी चालली, आणि आज पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यांत ती कोठें येऊन थांबली आहे, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

दोन शब्दांचा आधीं उलगडा केलेला बरा. सरकार एखाद्या मागासलेल्या वस्तीकडे पाहून 'हिला काय द्यावें?' असें विचारतें, आणि कर्ज, रस्ता, शिक्षण, कारखाना यांपैकीं कांहीं देतें, तेव्हां तें सामुदायिक आर्थिक विकासाचें धोरण होय. परंतु 'या वस्तीच्या स्वतःच्या मालकीचें काय असावें, आणि त्या मालकीचा कारभार तिनें कसा चालवावा?' असा प्रश्न जेव्हां विचारला जातो, तेव्हां आपण सामाजिक अर्थव्यवस्थेच्या उंबरठ्यावर येतों. हा शब्द फ्रेंचांचा असून जुना आहे. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत या विषयास स्वतंत्र दालन होतें आणि त्याचा वृत्तान्त शार्ल जीद या अर्थशास्त्रज्ञानें लिहिला. नफा हें ज्यांचें अंतिम साध्य नव्हे, अशा सहकारी संस्था, परस्पर-साहाय्य मंडळें, कामकऱ्यांच्या संस्था या सर्वांचा त्यांत समावेश होतो. १८ एप्रिल २०२३ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें याच विषयावर ठराव केला, एवढी त्याची आजची प्रतिष्ठा आहे.

२

सुप्याच्या होळीनंतर सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा केला. न्यायाधीशानें केवळ खतावरील आंकड्यावर न जातां मूळ व्यवहार तपासावा, आणि कर्जापायीं शेतकऱ्यास तुरुंग दाखवूं नये, अशी त्यांतील योजना होती. कायदा सद्बुद्धीचा होता. परंतु त्यानें सावकाराचा हात आंखडला, दुसरा हात पुढें केला नाहीं. ही उणीव ज्यांच्या तत्काळ ध्यानांत आली त्यांत विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ति रानडे हे प्रमुख होत. १८८२-८३ च्या सुमारास पुरंदर तालुक्यापुरती एक शेतकी पेढी काढावी, जुन्या कर्जाचा तडजोडीनें निकाल लावावा व पुढें माफक व्याजानें कर्ज द्यावें, अशी योजना निघाली. हिंदुस्थान सरकार प्रयोगास अनुकूल होतें. लंडनच्या भारतमंत्र्यांनीं तो होऊं दिला नाहीं. पुरंदरच्या पायथ्याशीं उगवूं पाहणारें रोप थेम्सच्या कांठीं खुडलें गेलें.

जें सरकारच्या हातून झालें नाहीं त्याचा लहानसा आरंभ एका मराठी गृहस्थानें बडोद्यास केला. १८८९ सालीं विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनीं तेथें 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापिली. तिच्या पाठीशीं कोणताही सहकारी कायदा नव्हता, कारण तो अजून जन्मासच आला नव्हता. शेजाऱ्यांनीं आपापली शिल्लक एकत्र करावी आणि अडलेल्यास त्यांतून द्यावें, एवढीच तिची कल्पना. या देशांतील पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचें नांव घेतलें जातें.

१९०४ सालीं सरकारनें कायदा केला तो जर्मनीच्या धर्तीवर. मद्रासेकडील फ्रेडरिक निकल्सन यांनीं राइफायझेनच्या ग्रामपेढ्यांचा जो अभ्यास केला होता, त्याची छाया त्यावर स्पष्ट दिसते. या कायद्यानें केवळ कर्ज देणाऱ्या संस्थांस मान्यता दिली. खरेदी-विक्री, उत्पादन आणि संघ यांस १९१२ च्या दुसऱ्या कायद्याची वाट पाहावी लागली. १९११ सालीं मुंबईस मध्यवर्ती सहकारी पेढी निघाली, तिच्या मागें सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास होते. १९१७ सालीं पुणें जिल्ह्याची मध्यवर्ती पेढी निघाली. १९२५ सालीं मुंबई इलाख्यानें स्वतःचा कायदा केला. कागदावर इमारत पक्की उभी राहिली.

पण त्या इमारतींत राहणारे कोण? १९५१-५२ सालीं रिझर्व्ह बँकेनें देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी करविली, तेव्हां असें आढळलें कीं, शेतकऱ्यानें वर्षांत जें कर्ज काढलें त्यांत सहकारी संस्थांचा वांटा शेंकडा ३.१ होता, आणि सावकारांचा शेंकडा ७० च्या घरांत. जवळजवळ अर्धशतकाच्या खटपटीचें हें फळ! याचें कारण आमच्या मतें असें कीं, ती संस्था गांवची असली तरी तिचा प्राण निबंधकाच्या कचेरींत होता. सभासद तिच्याकडे सरकारच्या धाकट्या तिजोरीसारखा पाहत असे. तिजोरी आपली नव्हे, मग तिची राखण तरी आपण कां करावी? कर्ज थकलें तर सरकारचें थकलें, आपलें नव्हे, हाच भाव.

या भावनेस पहिला मोठा छेद बसला तो प्रवरेच्या कांठीं. १९५० सालीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे त्याचे अध्यक्ष झाले. येथेंही सरकारनें भांडवलास हातभार लावला. परंतु दोहोंत एक मूलभूत फरक होता. ऊंस पिकविणारा शेतकरी येथें कर्जदार म्हणून आला नाहीं, भागधारक म्हणून आला. गाळप थांबलें तर त्याचाच ऊंस उभा वाळणार होता, आणि कारखान्यास चार पैसे सुटले तर त्याच्याच उंसास अधिक भाव मिळणार होता. मदत सरकारची आणि मालकी लोकांची, हा जोड ज्या दिवशीं जमला त्या दिवशीं धोरण हें धोरणापलीकडे गेलें. गाडगीळांनीं पुढें 'सहकारी समाजरचना' ही जी कल्पना मांडली, तिच्या मुळाशीं हा प्रत्यक्ष अनुभव होता. या कारखान्यांतून पुढें कोणतीं राज्यें आणि कोणतीं घराणीं उभीं राहिलीं, हा वेगळा विषय आहे. त्याचें ओझरतें दर्शन आपण शेवटीं घेऊं.

३

आतां पवनेच्या कांठीं येऊं. स्वातंत्र्य मिळालें तेव्हां पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हीं खेडींच होतीं. चिंचवडास मोरया गोसावींची समाधि व देवस्थान. भोंवतालीं ज्वारी-बाजरीचीं शिवारें. फाळणीनंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची छावणी पडली. १९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें पेनिसिलिन तयार करणारा 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा सरकारी कारखाना येथें निघाला, आणि या भूमीचें ग्रह पालटले. १९६० च्या सुमारास आकुर्डीस बजाजांची स्कूटर निघूं लागली. पाठोपाठ टेल्को आली. मुंबईंत दाटलेले उद्योग बाहेर पसरावेत, म्हणून १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि त्यानें येथील जमिनी घेऊन, रस्ते-पाणी करून, भूखंड पाडले. १९७० सालीं चार गांवांची मिळून नगरपालिका झाली, १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण आलें, १९८२ सालीं महानगरपालिका झाली. १९७१ च्या गणतींत लाखाच्या आंत असलेली वस्ती २०११ च्या गणतींत १७ लाखांवर गेली.

आमचें बालपण या वाढीच्या भरांत गेलें. भोंग्यावर घड्याळें लावणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. पहिल्या पाळीस जाणाऱ्या सायकलींचा लोंढाही पाहिला आहे. त्या पिढीस कारखान्यानें काय दिलें हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. कोंकणांतून, मराठवाड्यांतून, खानदेशांतून आलेल्या शेकडों कुटुंबांस पगाराचा पहिला आकार येथें मिळाला, आणि त्यांचीं मुलें पदवीधर झालीं. ज्या कुटुंबांत हें मासिक जातें, त्यांपैकीं कित्येकांच्या घराचा पाया त्याच पगारावर उभा आहे.

त्या पगारासोबत एक वस्तु शांतपणें वाढत होती, तिच्याकडे इतिहासकारांचें लक्ष फारसें गेलें नाहीं. ती म्हणजे कामगारांची पतपेढी. दर महिन्यास पगारांतून ठराविक रक्कम कापली जावी, ती भाग म्हणून जमा व्हावी, आणि मुलीच्या लग्नास वा आईच्या दुखण्यास तेथूनच कर्ज मिळावें. वसुली कारखान्याच्या हजेरीपटावरच होत असल्यामुळें कर्ज बुडण्याची भीति अल्प. तिच्याच जोडीला ग्राहक भांडारें आणि सहकारी गृहरचना संस्था आल्या. टेल्कोच्या कामगारांच्या घरांतील स्त्रियांनीं चालविलेली 'गृहिणी' ही संस्था मसाल्या-पापडांपासून निघून मोटारींस लागणाऱ्या विजेच्या तारांच्या जुडग्यांपर्यंत पोंचली. ज्यास आज सामाजिक अर्थव्यवस्था असें भारदस्त नांव आहे, ती येथें चाळीच्या जिन्यांत आणि कारखान्याच्या फाटकाशीं, नांवावांचूनच नांदत होती.

परंतु तिची मर्यादा तिच्या बळांतच दडलेली होती. ती फाटकाला बांधलेली होती. ज्याचें नांव हजेरीपटावर कायम, तोच तिचा सभासद. पुढें गेल्या तीस वर्षांत कायम कामगार कमी होत गेले आणि कंत्राटी व शिकाऊ कामगार वाढले. तेव्हां पगार-कपातीवर उभी असलेली ही सारी रचना आंतून अरुंद होऊं लागली. वर्षभरांत दोन ठेकेदार बदलणाऱ्या पोराचा भाग कोणत्या पतपेढींत जमा व्हावा? ज्यास त्याची सर्वाधिक गरज, नेमका तोच बाहेर राहिला.

४

फाटकाबाहेरच्यांनीं काय केलें, हें पाहण्यासाठीं पुण्याच्या बाजारांत जावें लागतें. हमालास धनी नसतो; सकाळीं एका आडत्याचें पोतें, दुपारीं दुसऱ्याचें. डॉ. बाबा आढाव यांनीं १९५५-५६ च्या सुमारास हमालांची पंचायत उभी केली, आणि १९६९ सालीं महाराष्ट्रानें माथाडी कायदा केला. या कायद्याची युक्ति मोठी मार्मिक आहे. धनी अनेक आणि मजूर अनेक, तेव्हां दोहोंच्या मध्यें एक मंडळ नेमावें. धन्यानें मजुरी आणि तीवरील अधिभार मंडळांत भरावा, आणि मंडळानें मजुरास वेतन, भविष्य-निर्वाह निधि, रजा व उपदान द्यावें. म्हणजे ज्यास कोणीच कायमचा धनी नाहीं, त्यासही कायमच्या नोकराचे हक्क मिळावेत. इतकेंच करून हमाल पंचायत थांबली नाहीं. १९७४ सालीं तिनें 'कष्टाची भाकर' हें स्वस्त आणि पोटभर जेवणाचें केंद्र काढलें, पतसंस्था चालविली. हक्क मागणारी संघटना आणि व्यवहार चालविणारी संस्था हे एकाच देहाचे दोन हात झाले. या कायद्याचें नांव पुढें करून चाकणच्या पट्ट्यांत कांहीं टोळ्या खंडणी उकळतात, अशा तक्रारी उद्योजक करीत असतात. त्यांत तथ्य आहे तेथें शासन झालेंच पाहिजे. परंतु चोरानें पोलिसाचा वेष घातला म्हणून पोलीसच नकोत असें कोणी म्हणत नाहीं.

याच परंपरेंतून १९९३ सालीं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' जन्मास आली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यांतील प्रौढशिक्षणाच्या कामांतून कचरा वेंचणाऱ्या स्त्रियांशीं संबंध आला होता. त्यांस साक्षर करावें, हा आरंभीचा हेतु. म्हणजे पुन्हां तोच प्रश्न, 'यांस काय द्यावें?' परंतु त्या स्त्रियांनीं जें मागितलें तें निराळें होतें. कचरा मिसळून सडण्यापूर्वीं आम्हांस मिळावा, आणि आमच्या कामास काम म्हणावें, एवढेंच त्यांचें म्हणणें. पुणें आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनीं पंचायतीच्या ओळखपत्रांस मान्यता दिली. काल जिला चोर समजून हटकीत, तिच्या गळ्यांत आज महापालिकेनें मानलेलें पत्र आलें. या स्त्रिया शहराच्या कचऱ्यांतून किती भार उचलतात आणि त्यामुळें महापालिकेचा किती खर्च वांचतो, याचा हिशेब पंचायतीनें मांडून दाखविला, आणि मग दान मागण्याचें कारणच उरलें नाहीं.

२००७ सालीं त्यांतून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ सालीं पुणें महापालिकेशीं तिचा करार झाला. घरोघरचा कचरा सभासद स्त्रियांनीं गोळा करावा, त्याबद्दल घरटी लहानशी फी घ्यावी, विकाऊ माल विकून त्याचें उत्पन्न स्वतः ठेवावें, आणि महापालिकेनें साधनें व व्यवस्थापनाचा खर्च द्यावा, अशी ही योजना आहे. येथें धोरणाचें रूपांतर कसें झालें तें वाचकांनीं पाहावें. आधीं साक्षरता, मग संघटना, मग ओळखपत्र, मग सहकारी संस्था, मग करार. यांतील एकही पायरी गाळतां आली नसती. संघटनेवांचून संस्था काढली असती तर ती ठेकेदाराच्या खिशांत गेली असती. आणि करारावांचून ती काढली असती तर पहिल्याच पावसाळ्यांत मोडली असती.

बचत गटांची कथा याहून सौम्य आहे. १९७५ सालीं स्थापन झालेलें महिला आर्थिक विकास महामंडळ आणि १९९२ सालीं नाबार्डनें घातलेला बँकांचा जोड यांमुळें दहा-वीस स्त्रियांचा गट हें महाराष्ट्राच्या गांवोगांवचें परिचित दृश्य झालें. पिंपरी-चिंचवड महापालिका या गटांच्या मालासाठीं 'पवनाथडी जत्रा' भरविते; तेथील थालीपीठ आणि मासवडी यांची कीर्ति आम्हीं वेगळी सांगावयास नको. परंतु चार दिवसांची जत्रा म्हणजे बाजारपेठ नव्हे. अलीकडे याच महापालिकेनें मालमत्ता-कराचीं बिलें घरोघर पोंचविण्याचें काम बचत गटांकडे सोंपविलें. आमच्या मतें हें जत्रेपेक्षां मोठें पाऊल आहे, कारण येथें सार्वजनिक संस्था आश्रयदाती राहिली नाहीं, ती गिऱ्हाईक झाली.

५

आतां चाकण. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यांनीं ज्या भुईकोटांतून शाएस्तेखानास दीड महिन्याहून अधिक काळ थोपवून धरलें, त्याच्या पडक्या भिंती आजही आहेत. त्या भिंतींबाहेर कांद्या-बटाट्याचा मोठा बाजार वाढला. १९९९ सालीं बजाजांचा कारखाना येथें निघाला. २००९ सालीं फोक्सवॅगन व मर्सिडीझ, आणि पाठोपाठ महिंद्रांचा. नाशिकच्या रस्त्यावर ज्यानें संध्याकाळचा तास काढला आहे, त्यास या उद्योगांचा विस्तार आंकड्यांनीं सांगण्याचें कारण नाहीं.

या कारखान्यांसाठीं जमीन गेली. मोबदला मिळाला, कांहीं ठिकाणीं भरघोस मिळाला. आणि 'गुंठामंत्री' हा शब्द आपल्या भाषेंत आला. त्या शब्दांतील हेटाळणी आम्हांस कधींच रुचली नाहीं. ज्यास पिढ्यान्पिढ्या वर्षाकांठीं पीक हातीं येई, त्यास एके दिवशीं साऱ्या पिढ्यांचें पीक एकदम हातीं दिलें, आणि तें कसें पेरावें हें कोणी सांगितलें नाहीं. मग त्यानें बंगला व गाडी घेतली तर हंसण्याचा अधिकार कोणास? जमीन हें भांडवल होतें. रोख रक्कम हा खर्च झाला. भांडवलाचें भांडवलच राहील अशी वाट दाखविणें हें धोरणाचें काम होतें.

तशी वाट नव्हती असें नाहीं. पुण्याच्या दुसऱ्या टोंकास हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनीं ती काढली. सुमारें १२० कुटुंबांनीं आपली ४०० एकरांवरील सलग जमीन विकली नाहीं, ती एकत्र केली. ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग, अशी कंपनी काढली, आणि २००० च्या सुमारास तेथें स्वतःच नगर वसविण्यास आरंभ केला. कांहीं कुटुंबें त्याच नगराचीं ठेकेदार झालीं. आज तेथील भाडें त्या कुटुंबांच्या घरीं येतें. परंतु हा प्रयोग सर्वत्र उचलून नेतां येईल असें मानणें भोळेपणाचें होईल. ती माणसें बहुतेक एकाच भावकीचीं होतीं. सतीश मगर यांच्यासारखा त्यांच्यांतलाच, शिकलेला आणि विश्वासाचा पुढारी त्यांस लाभला. आणि शहर त्यांच्या बांधापर्यंत आधींच आलें होतें.

खेड व शिरूर तालुक्यांतील विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमीन घेतली गेली तेव्हां हीच कल्पना सरकारी मार्गानें आली. मोबदल्याखेरीज विकसित जमिनीचा शेंकडा १५ परतावा शेतकऱ्यांस मिळावा, आणि तो शेतकरी भागधारक असलेल्या कंपनीमार्फत राहावा, अशी योजना ठरली. कल्पना वाईट नव्हती. परंतु पुढें वर्षांमागून वर्षें गेलीं आणि अनेक शेतकरी भागाऐवजीं प्रत्यक्ष जमीन वा पैसा परत मागूं लागले. मोर्चे निघाले, उपोषणें झालीं. मगरपट्ट्यास जो भाग विश्वासाचा पुरावा ठरला, तोच येथें अविश्वासाचें कारण झाला. असें कां व्हावें? मगरपट्ट्याचा भाग शेतकऱ्यांनीं स्वतः घेतला होता. खेडचा त्यांस देण्यांत आला होता. कागदावरील शब्द तोच, क्रियापद वेगळें.

हें क्रियापद चुकलें कीं काय होतें, याचे धडे मावळच्या दऱ्यांत लिहिलेले आहेत. १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मुळशीच्या मावळ्यांनीं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळाली आणि मुळशीच्या खोऱ्यांतील गांवें पाण्याखालीं गेलीं. त्यानंतर ९० वर्षांनीं, ९ ऑगस्ट २०११ रोजीं, पवना धरणाचें पाणी बंद नळानें पिंपरी-चिंचवडास नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी द्रुतगति महामार्गावर उतरले. गोळीबार झाला आणि तिघांस प्राण गमवावे लागले. शहर तहानलेलें होतें, यांत शंका नाहीं. पण धरणाच्या पाण्यांत धरणाकांठच्या माणसाचा भाग किती, हा प्रश्न आधीं सोडविला असता तर ते तीन जीव वांचले असते, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं.

६

याच काळांत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस काय चाललें होतें, तें पाहणें उद्बोधक आहे. कॅनडांतील माँट्रियल शहराच्या नैर्ऋत्येस लाशीन कालव्याच्या कांठीं जुने कारखाने होते. १९५९ सालीं सेंट लॉरेन्सचा नवा जलमार्ग उघडल्यावर कालव्याचें महत्त्व गेलें, १९७० सालीं तो वाहतुकीस बंद झाला, आणि कारखाने एकामागून एक निघून गेले. मागें राहिलेल्या वस्तीनें १९८४ सालीं प्वँत-सँ-शार्ल भागांत स्वतःची आर्थिक विकास संस्था काढली. शेजारच्या वस्त्यांनीं तिचें अनुकरण केलें. १९९६ सालीं क्वेबेक प्रांताच्या आर्थिक परिषदेंत स्त्रियांच्या संघटना, कामगार संघ आणि सहकारी संस्था एकत्र येऊन 'सामाजिक अर्थव्यवस्था' हा त्यांचा समाईक कार्यक्रम झाला. २०१३ सालीं त्यास कायद्याचें रूप आलें. तेथें कारखाने गेले म्हणून वस्तीस शहाणपण सुचलें. आमच्याकडे कारखाने येत आहेत; आणि नेमक्या याच वेळीं तें सुचणें अवघड असतें, कारण पैसा खुळखुळत असतां भागाचा विचार कोण करतो? परंतु जो उद्योग एके दिवशीं आला तो दुसऱ्या दिवशीं जाऊंही शकतो, हें लाशीनचा कोरडा धक्का सांगतो. आणि पेनिसिलिनच्या ज्या कारखान्यापासून पिंपरीचें भाग्य उजाडलें, तो पुढें कित्येक वर्षें आजारी उद्योगांच्या यादींत राहिला, हेंही आपण पाहिलें आहे.

येथें सुज्ञ वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो न्याय्य आहे. सहकाराचें गोडवे गाणाऱ्यांनीं सहकाराचें काय केलें? साखर कारखाने कोणाच्या घरचे झाले? १९१२ सालीं पुण्यांत निघालेली, मध्यमवर्गाच्या विश्वासावर शंभर वर्षें चाललेली रुपी बँक २०१३ पासून निर्बंधाखालीं गेली आणि २०२२ सालीं तिचा परवाना रद्द झाला. कित्येक वृद्ध ठेवीदारांनीं तीं मधलीं वर्षें कशीं काढलीं, हें पुण्यांतल्या गल्लीगल्लीस माहीत आहे. या दोषांवर पांघरूण घालण्याची आमची इच्छा नाहीं. उलट आमचें म्हणणें असें कीं, हे दोष मालकीचे नसून मालकी विसरल्याचे आहेत. ज्या संस्थेच्या वार्षिक सभेस सभासद भेटवस्तूसाठीं जातो आणि ताळेबंद न वाचतां सही करतो, ती संस्था सभासदाची राहिलेलीच नसते. तिचा भाग पुन्हां खतासारखा झालेला असतो, म्हणजे आपलें नांव असलेला पण आपणांस न वाचतां येणारा कागद.

दीडशें वर्षांच्या या कथेंतून आम्हांस तीन गोष्टी निष्पन्न होतांना दिसतात. पहिली, भाग दिला जाऊं नये, घेतला जावा. म्हणजे संस्थेआधीं संघटना असावी. दुसरी, सरकारनें वा महापालिकेनें अशा संस्थेस अनुदानापेक्षां काम द्यावें, आणि तें एका निविदेपुरतें नव्हे, पांच-दहा वर्षांच्या करारानें द्यावें. पवनाकांठच्या बचत गटास, कंत्राटी कामगारांच्या पतसंस्थेस, चाकणच्या कारखान्यांचें भोजनगृह चालवूं पाहणाऱ्या गांवच्या स्त्रियांस हेंच हवें आहे. तिसरी, हिशेब. तो सभासदास कळेल अशा भाषेंत, दर वर्षीं, मोठ्यानें वाचला गेला पाहिजे. तिन्हींपैकीं एक नसेल तर उरलेल्या दोहोंचा उपयोग होत नाहीं. प्रवरा, स्वच्छ, मगरपट्टा, खेड आणि रुपी बँक यांच्या चरित्रांतून हेंच दिसतें.

कांहीं वर्षांपूर्वीं चाकणकडील एक विद्यार्थी तास संपल्यावर आमच्यापाशीं आला. त्याच्या पिशवींत प्लॅस्टिकमध्यें जपून ठेवलेले कागद होते: सातबाराचा जुना उतारा, मोबदल्याची नोटीस आणि इंग्रजींत छापलेलें एक भागपत्र. "सर, वडील विचारतात, यांत आतां आमचें काय आहे?" आम्हीं तें पत्र दोन वेळां वाचलें. अर्थशास्त्र शिकवून केस पिकले असतांही त्या एका साध्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस लगेच देतां आलें नाहीं, ही कबुली येथें देणें प्राप्त आहे. दुसऱ्या दिवशीं आम्हीं दोघांनीं बसून त्या कागदाचें मराठींत भाषांतर केलें; किती भाग, कोणत्या कंपनीचे, सभेस मत किती, विकावयाचे झाल्यास अट काय. तो तें घेऊन घरीं गेला. पुढच्या सोमवारीं येऊन त्यानें सांगितलें कीं, वडिलांनीं तें शेजारच्या चौघांस वाचून दाखविलें, आणि आतां त्या चौघांचेही कागद आणूं का, असें विचारलें आहे.

आम्हीं होय म्हटलें.